जिवतीचा कागद आणि आमचे ठसे

श्रावण लागला की आपल्या घरांत देवघराशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत दोनशे वर्षांत पुष्कळ गोष्टी बदलल्या. मुले आपापसांत हिंदीत भांडतात, आणि खरे सांगायचे तर रागावल्यावर आपल्याही तोंडात आधी हिंदीच येते. पण शुक्रवारच्या पूजेसाठी आघाडा कुठे मिळेल, याची चौकशी शिंदे की छावनीत अजून मराठीतच होते.

आमच्या लहानपणी हा कागद पुण्या-मुंबईहून यायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोणी तिकडे गेले की परतताना मेतकूट, गोडा मसाला आणि जिवतीचे चार-पाच कागद घेऊन यायचे आणि ते शेजारीपाजारी वाटायचे. ट्रंकेत तळाशी, साड्यांच्या घडीत ठेवलेला कागद निघाला की त्याला मसाल्याचा वास येत असे. काही वर्षांपूर्वी एका श्रावणात तो आलाच नाही. जाणारे-येणारे कमी झाले होते आणि जे गेले त्यांच्या लक्षात राहिले नाही. मग एका घरी गेल्या वर्षीच्या कागदाची झेरॉक्स काढली, तिच्यावरून दुसऱ्या घरी, तिच्यावरून तिसऱ्या. तिसऱ्या घरी पोचेपर्यंत जिवतीची बोटे आणि पाळण्याच्या दोऱ्या एकाच काळ्या डागात मिसळून गेल्या होत्या. ते पाहून आमच्यातल्या एका काकू म्हणाल्या, "अहो, एवढं काय अवघड आहे? लाकडावर कोरा आणि छापा. साचे कोरतात तसं."

अवघड काय आहे, ते आम्हाला नंतर कळले. पण त्या एका वाक्यातून आम्हा पाच-सहा जणांचा हा छंद सुरू झाला. आमच्यात कोणी बँकेतून निवृत्त झालेले, कोणी शाळेतून, कोणी रेल्वेतून. चित्रकला कोणीच शिकलेले नाही. रविवारी सकाळी एका घराच्या ओसरीवर चटई टाकून आम्ही लाकूड कोरतो आणि हाताने कागद छापतो. छंद लागला की त्याची पूर्वपीठिका शोधण्याची खोडही लागते. त्या शोधात जे हाती आले, ते या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवत आहोत.

कागदावर काय असते

जिवतीचा कागद आम्ही सर्वांनी जन्मभर पाहिलेला, पण पूजा करणे वेगळे आणि रेघ न् रेघ उतरवायला बसणे वेगळे. वर खांबातून प्रकटलेला नरसिंह आणि कालियाच्या फण्यावर उभा कृष्ण. मधल्या भागात जरा आणि जिवंतिका, अंगाखांद्यावर आणि भोवती मुले, शेजारी पाळणा. खाली हत्तीवर बसलेला बुध आणि वाघावर बसलेला बृहस्पती. म्हणजे नागपंचमी, बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार, सगळा श्रावण एका पानात मांडलेला. यातली जरा ही महाभारतातली. मगधाच्या बृहद्रथ राजाला दोन शकले होऊन झालेले मूल तिने जोडले आणि ते जिवंत झाले, म्हणून त्याचे नाव जरासंध. मुळात राक्षसी, पण मूल जगवले म्हणून घरोघरी भिंतीवर मान मिळवून बसली.

या चित्राची चाल पाहिली की लाकडाच्या ठशाची रीत ओळखू येते. ठशात जे छापायचे ते उंच राखतात आणि बाकीचे लाकूड कोरून काढतात. शाईचा रूळ फिरवला की ती फक्त उंच भागाला लागते. त्यामुळे फिकट-गडद छटा करायला फारशी सोय नसते, रेघ जाड ठेवावी लागते, नाहीतर दाबाखाली तुटते. जाड चौकट, कप्प्यांत बसवलेल्या आकृती, सावली नसलेले चेहरे, मोठे डोळे. जिवतीचा कागद आज यंत्रावर छापला जातो, पण त्याचे वळण ठशाचेच राहिले आहे.

पूजेतली एक गोष्ट मात्र कागदावर नसते. पूजा झाली की आई मुलांना ओवाळते. मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकते, म्हणजे जिथे असेल तिथे त्याला पोचतील. आमच्या लहानपणी एखाद्याच घरात अशा अक्षता पडत, बहुधा मुलगा फौजेत असेल तर. आता छावणीतल्या किती घरांत ओवाळायला मूल समोर असते, हे वाचकांनीच आठवून पाहावे. पुणे, बंगळूर, टोरांटो, सिडनी. शेजारच्या हिंदी घरांत कार्तिकात अहोईमातेचे छापील चित्र भिंतीवर लागते. तेही मुलांसाठीच. त्या घरांतल्या वहिनीही हल्ली फोनवरच मुलांचे तोंड पाहतात.

ठसा कापडावर होता, कागदावर का नव्हता?

लाकडी ठसा ही कल्पना फार जुनी. चीनमध्ये इ.स. ८६८ साली लाकडी ठशांवरून छापलेले वज्रसूत्र आजही लंडनला जपून ठेवलेले आहे. त्यावर छपाईची तारीख आहे आणि सुरुवातीला भगवान बुद्धांचे चित्र आहे. आपल्याकडे कापडावर ठसे उमटवणारे कारागीरही शेकडो वर्षांपासून होते. इजिप्तमध्ये जुन्या कैरोजवळ फुस्तात येथे गुजरातेतले ठसे छापलेले मध्ययुगीन कापड उत्खननात सापडले. म्हणजे लाकूड होते, कोरणारा हात होता, पुढे कागदही आला. तरी पोथ्या हातानेच लिहिल्या जात होत्या आणि चित्रे हातानेच काढली जात होती. विद्या अंगणात असूनही ती ओसरीवर चढली नाही.

छापखाना आला तो समुद्रावरून. १५५६ साली गोव्यात पोर्तुगिजांचा छापखाना उतरला. तो खरे तर हबसाणाकडे निघाला होता, पण गोव्यातच राहिला. पुढे १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण राशोलला छापले गेले. भाषा मराठी, ओव्या मराठी, पण लिपी रोमन. आपल्या लिपीतली जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या यांचे खिळे पाडायचे तर शेकडो साचे लागतात. त्या काळी गोव्यात ते झाले नाही. मराठी छापली गेली, पण मराठी माणसाच्या हातात ती विद्या आली नाही.

तांबटाच्या हातची गीता

ती हातात येता येता राहिली, त्या प्रसंगाचा आपल्या शिंद्यांच्या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. १७८६ ते १७९७ या काळात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील पुणे दरबारी होता. त्याच्या बरोबर जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार काम करत होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे एकत्र बसलेले प्रसिद्ध तैलचित्र वेल्सचेच. महादजी शिंदे १७९२ मध्ये उत्तरेतून पुण्यास गेले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस वारले, तोपर्यंत तिकडेच होते. वेल्सने त्यांचेही चित्र काढले. महादजींच्या पुण्यातल्या त्या दिवसांतच मॅलेटच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळा चालू होती आणि तिथे पुण्याचे कारागीर नव्या रीतीने रेखाटन शिकत होते. त्यातला गंगाराम तांबट वेरूळच्या लेण्यांची रेखाटने करण्याइतका तयार झाला.

याच सुमारास नाना फडणवीसांनी गीता छापण्याचे मनात घेतले. खिळे नव्हते, म्हणून मॅलेटच्या माणसांकडे शिकलेल्या एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे उलटी कोरून घ्यायची, असा बेत होता. एकेक पान म्हणजे एकेक पत्रा. काम चालू असताना मॅलेट गेला, १८०० साली नानाही गेले आणि पुण्याची घडी विस्कटली. तो तांबट मिरजेला पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि १८०५ साली मिरजेत ती गीता छापून झाली.

पत्रा तांब्याचा असो की फळी लाकडाची, रीत एकच. पूर्ण पान उलटे कोरायचे आणि त्याच्या प्रती काढायच्या. आम्ही जे रविवारी करतो ते त्या तांबटाने देवनागरीतल्या सबंध गीतेसाठी केले. भांड्यांवर नाव घालणारा हात होता तो. त्या हाताला उलटे अक्षर शिकायला फार दिवस लागले नसतील. त्याच १८०५ साली बंगालमध्ये श्रीरामपूरला विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण खिळ्यांवर छापले गेले, आणि १८१० साली त्यांचा मराठी कोश, ज्यातले मराठी शब्द मोडी खिळ्यांत होते. त्याच १८१० साली दौलतराव शिंद्यांनी इथे, किल्ल्याच्या पायथ्याशी, आपले लष्कर कायमचे उतरवले. त्यातूनच आजचे लष्कर शहर आणि आपली छावणी उभी राहिली. आपले पूर्वज तंबूंच्या जागी घरे बांधत होते, तेव्हा त्यांची भाषा हजार कोसांवर मिशनऱ्यांच्या छापखान्यात खिळ्यांत ओतली जात होती.

हे वाचताना आम्हाला हळहळ वाटली ती मिरजेच्या तांबटाबद्दल. त्याने एक काम पुरे केले, पण त्याच्यामागे शाळा उभी राहिली नाही. आश्रयदाता गेला की कला दुसऱ्या गावी जाते आणि तो गावही थकला की थांबते. एका माणसाच्या मर्जीवर टिकलेली विद्या किती दिवस टिकणार?

शिळाप्रेस आणि रंगीत देव

विद्या टिकली ती बाजारात उतरली तेव्हा. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाप्रेस उभारला आणि १८३१ साली मराठी पंचांग छापले. शिळाप्रेसमध्ये लेखनिक चरबीयुक्त शाईने कागदावर सुलट लिहितो आणि ते दगडावर उतरवतात. उलटे कोरण्याची कटकट नाही, खिळ्यांचा खर्च नाही, पोथी लिहिणाऱ्या हाताचे वळण जसेच्या तसे राहते. लोकांना छापील पंचांगाचा विटाळ वाटू नये म्हणून गणपत कृष्णाजींनी शाईत चरबीऐवजी तूप घातले, असे सांगतात. पंचांग, व्रतकथा, आरत्या अशा घरात लागणाऱ्या गोष्टी छापल्या गेल्या, तेव्हा छपाई आपल्या घरात शिरली.

कलकत्त्याला याच काळात बटतल्ल्याच्या भागात लाकडी ठशांवर देवादिकांची आणि पुस्तकांतली चित्रे छापणाऱ्यांची वस्तीच होती. काळी रेघ ठशाने छापायची आणि वरून हाताने रंग भरायचा. मग १८७८ साल आले. त्या वर्षी कलकत्त्यात आर्ट स्टुडिओ निघाला आणि पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. पुण्याच्या चित्रशाळेची रंगीत शिळाचित्रे, त्यात रामपंचायतन आणि पेशवाईतले पुरुष, घराघरांत टांगली गेली. १८९४ साली राजा रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला. जर्मन यंत्रे, जर्मन तंत्रज्ञ, एका चित्राला अनेक दगड, प्रत्येक रंगाचा वेगळा. पुढे चित्रपटमहर्षी झालेले दादासाहेब फाळके आधी याच धंद्यात होते. त्यांनी रविवर्मा छापखान्यासाठी काम केले आणि लोणावळ्याला स्वतःचा छापखानाही चालवला.

या चित्रांनी फार मोठे काम केले. ज्यांना देवळात जाता येत नव्हते, त्यांच्याही घरात लक्ष्मी-सरस्वती आल्या. पण त्याच वेळी लाकूड कोरणारा मागे पडला. जस्ताचे ब्लॉक आले तेव्हा तर त्याची गरजच उरली नाही. जुन्या स्मरणिका ज्यांनी काढल्या आहेत त्यांना आठवत असेल, जाहिरातदाराकडे "ब्लॉक करून पाठवा" म्हणून मागे लागावे लागे, आणि लाकडावर ठोकलेला जस्ताचा तो जड तुकडा छापखान्यातून परत मिळवणे हे आणखी एक काम असे. चित्र स्वस्त झाले, सर्वांना मिळाले. मात्र ते कसे होते हे घरातल्या कोणाला माहीत राहिले नाही. आमच्या झेरॉक्सच्या डागाची सुरुवात इथे आहे, असे आम्हाला वाटते.

बाघ, नंदलाल आणि ग्वाल्हेर संस्थान

ज्या वाटेने ठसा पुन्हा मान मिळवून आला, ती वाट ग्वाल्हेर संस्थानातून जाते. धारजवळची बाघची लेणी तेव्हा शिंद्यांच्या राज्यात होती. भिंतींवरची चित्रे झडत चालली होती. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मो. ब. गर्दे यांच्या काळात १९२१ मध्ये त्यांच्या नकला करण्यासाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर यांना बोलावले गेले. नकला करणाऱ्यांत आपटे, भोसले, जगताप अशी मराठी आडनावेही आहेत. १९२७ साली लंडनहून त्यावर ग्रंथ निघाला. नकला गुजरी महालातल्या संग्रहालयात आहेत. पाहुण्यांना किल्ला दाखवायला आपण सगळेच नेतो, पण उतरताना गुजरी महालात किती जण डोकावतात?

नंदलालबाबूंनी बाघला गुहेतल्या मंद उजेडात मशाली धरून जी वाहती रेघ उतरवली, तिचा परिणाम त्यांच्या पुढच्या कामावर दिसतो असे आम्हाला वाटते. १९३० साली त्यांनी लिनोलियमवर कोरून गांधीजींचे दांडीयात्रेचे चित्र छापले. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांनी काढलेली, हातात काठी घेतलेली ती आकृती सर्वांनी पाहिलेली आहे. त्याच वर्षी रवींद्रनाथांच्या 'सहज पाठ' या मुलांच्या पुस्तकासाठीही त्यांनी अशीच कोरीव चित्रे केली. जो ठसा रंगीत शिळाचित्रांनी गरिबाघरचा ठरवून मागे सारला, तोच आता मोठ्या चित्रकाराने आपणहून हातात घेतला, कारण तो स्वस्त होता, हाताने छापता येत होता आणि थोडक्यात बोलत होता.

पुढे चित्तप्रसाद यांनी बंगालच्या दुष्काळाची रेखाटने केली आणि १९४६ नंतर मुंबईत अंधेरीला राहून आयुष्यभर लिनोकट कोरले. शेजारच्या होळकरांच्या इंदूरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांच्या हाताखाली तयार झालेले ना. श्री. बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याला शिकवायला गेले आणि त्यांनी तिथला चित्रकला विभाग घडवला. त्याच विद्यालयातून पुढे मुद्राचित्रकारांच्या पिढ्या निघाल्या. भोपाळला १९८२ साली भारत भवन उघडले, तेव्हा चित्रदालनांबरोबर तिथे मुद्राचित्रणाची कार्यशाळाही निघाली आणि १९८९ पासून मुद्राचित्रांचे आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन सुरू झाले. आपल्याच प्रदेशात, रेल्वेने एका दिवसाच्या अंतरावर, ही विद्या आहे. आम्ही तिथे गेलो तेव्हा मोठे यंत्र चालवणाऱ्या तरुण मुलीने आमच्या पिशवीतला पोळपाटाएवढा ठसा पाहून हसू आवरले, आणि मग अर्धा तास बसून छिन्नी कशी धरायची ते दाखवले.

डाव्या सोंडेचा गणपती उजवा कसा झाला

आता आमच्या ओसरीवरचे थोडेसे. जिवती एकदम कोरण्याची छाती नव्हती, म्हणून सुरुवात विघ्नहर्त्यापासून केली. सुताराकडून शिसवीची रंधलेली फळी आणली, कागदावर डाव्या सोंडेचा गणपती काढला, कार्बनने फळीवर उतरवला, तीन रविवार कोरला. शाई लावली, कागद ठेवला, लाकडी चमच्याच्या पाठीने घासला आणि कागद उचलला. गणपती उत्तम उठला होता. फक्त सोंड उजवीकडे. वर कोरलेले 'श्री' उलटे. काकूंनी चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, "उजव्या सोंडेचा आहे हो हा! याचं सोवळं कोण सांभाळणार?" तो ठसा आम्ही पुन्हा वापरला नाही, पण टाकलाही नाही. मिरजेच्या तांबटाने एकही अक्षर सुलट कोरले नाही, याची थोरवी त्या दिवशी कळली.

लाकूड कसे निवडावे, हेही चुकतच शिकलो. झाडाचा उभा चिरलेला फळा घेतला तर रेषा तंतूंच्या दिशेने सहज जाते, आडवी न्यायची तर लाकूड उचकटते. शिसव कठीण, पण बारीक रेघ टिकवते. कापडछपाईचे ठसेही शिसव किंवा सागाचेच असतात. बाघ गावात, त्याच लेण्यांच्या जवळ, आजही खत्री कारागीर असे ठसे वापरून कापड छापतात. चिंचोक्याच्या खळीत तुरटी घालून लाल, लोखंडाच्या गंजाने काळा, आणि कापड वाहत्या पाण्यात धुवायचे. आम्ही कागदासाठी तेलातली छपाईची शाई वापरतो. कागद कालपीचा हातकागद. कालपी म्हटले की आपल्याला झाशीची राणी आणि तात्या टोपे आठवतात. राणीची समाधी तर आमच्या छावणीपासून पायी जाण्याच्या अंतरावर, फूलबागेत. त्याच कालपीत हाताने कागद करणारे आजही आहेत. हा कागद किंचित ओला करून घेतला की शाई छान पितो. चकचकीत कागदावर ती नुसती पसरते.

मधल्या काळात, हात दुखू लागले म्हणून, आम्ही एकप्रत मुद्राचित्रेही करून पाहिली. याला कोरावे लागत नाही. काचेच्या तुकड्यावर शाईचा पातळ थर द्यायचा, चिंधीने, काडीने, बोटाने पुसून चित्र काढायचे आणि वर कागद दाबून उचलायचा. प्रत एकच निघते. दुसरा कागद दाबला तर अगदी फिकट छाया येते. सतराव्या शतकात इटलीत कास्तिलिओने या चित्रकाराने ही रीत वापरली आणि एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये दगा याने तिचा ध्यास घेतला. सुट्टीत आलेल्या नातवंडांना हे फार आवडले. ओल्या किल्ल्याचे, पावसाळी आभाळाचे चित्र बोटाने पुसताना इतके सुरेख येते की आम्ही कोरलेल्या किल्ल्याला ते जमले नाही. एका नातीने दुसरी प्रत मागितली. "होत नाही," म्हटल्यावर तिने विचारले, "मग बाप्पासारखंच ना? दर वर्षी नवा?" आम्ही होय म्हटले. वेगळे काय सांगणार?

पण जिवती ही एकप्रतीची गोष्ट नाही. ती पंचवीस घरांत जायची होती. म्हणून पुन्हा लाकडाकडे वळलो. नरसिंह, कृष्ण, जरा-जिवंतिका, बुध-बृहस्पती असे चार छोटे ठसे वेगवेगळ्या हातांनी कोरले. एकाने कोरलेला वाघ मांजरासारखा आहे, हे मान्य आहे. पाळण्याच्या दोऱ्या मात्र या वेळी वेगवेगळ्या दिसतात.

यंदाच्या श्रावणात

यंदाच्या श्रावणात तो कागद आमच्या भिंतींवर लागला. काही प्रती गुंडाळीच्या नळ्यांत घालून मुलांकडे पाठवल्या. बंगळूरच्या सुनेने फोनवर विचारले की यात ती दोन बायकांची नावे काय, आणि जरा राक्षसी असून तिची पूजा का. छापील कागद पाठवला असता तर तिने विचारले असते की नाही, कोण जाणे. आमच्यापैकी एकाने सांगितले, "त्यातला वाघ तुझ्या सासऱ्यांनी कोरलाय, म्हणून असा दिसतो." मग वाघावरून बृहस्पती, बृहस्पतीवरून गुरुवार, असे बोलणे पाऊण तास चालले.

इतिहासातून आम्ही एवढेच समजलो. आश्रयदात्याच्या मर्जीवरची विद्या त्याच्याबरोबर गेली. बाजाराने ती सर्वांपर्यंत नेली, पण करणारा हात घराबाहेर नेला. घराला ज्याची गरज आहे ते घरात करता येत असेल, निदान वर्षातून एकदा, तर ते टिकण्याची थोडी आशा आहे. आम्हा साठी उलटलेल्यांच्या हातांना छिन्नी धरताना कंप सुटतो. ठसे आणखी दहा वर्षे छापतील, हात किती दिवस कोरतील याची खात्री नाही. म्हणून दोन विनंत्या आहेत.

पहिली, ज्यांच्याकडे पोथीच्या बासनात किंवा पेटीच्या तळाशी जुने जिवतीचे, नागनरसोबाचे कागद असतील, त्यांनी ते विसर्जित करण्याआधी आम्हाला एकदा दाखवावेत. कागद ज्याचा त्याला परत मिळेल, आम्ही फक्त रेघा उतरवून घेऊ. दुसरी, ज्यांच्या घरी सुट्टीत मुले-नातवंडे येतात त्यांनी त्यांना रविवारी सकाळी छावणीत आमच्याकडे पाठवावे. लिनोलियमचे तुकडे, बोथट छिन्न्या आणि शाई आमची. पहिला ठसा गणपतीचा. सोंड आधीच उजवीकडे काढून देऊ, म्हणजे कागदावर डावी उठेल.

शेवटच्या शुक्रवारी ओवाळणी झाली आणि नेहमीप्रमाणे काकूंनी चारी दिशांना अक्षता टाकल्या. कोणीतरी म्हणाले, "काकू, कागद पोचलाय की टपालाने." त्या म्हणाल्या, "कागद पोचला रे. अक्षता टाकायच्याच."